एप्रिलची शाळा आणि निकालाचा दिवस

2025 सालच्या मार्च महिन्यात राज्यातल्या शिक्षकांच्या खोल्यांत दोनच विषय होते. पहिला विषय सकाळच्या शाळेचा. उन्हाचा तडाखा वाढू लागल्याने प्राथमिक शाळा सात ते सव्वाअकरा आणि माध्यमिक शाळा सात ते पावणेबारा भरवायचे ठरले होते. दुसरा विषय वार्षिक परीक्षेचा. पहिली ते नववीसाठी राज्यभर एकच वेळापत्रक लागले होते, 8 ते 25 एप्रिल. शेवटचा पेपर शुक्रवारी संपणार आणि गुरुवारी 1 मे, म्हणजे निकाल. मधले दिवस पाच, त्यातला एक रविवार. तेवढ्यात उत्तरपत्रिका तपासायच्या, गुण चढवायचे, वर्गवार निकालपत्रक जुळवायचे आणि प्रत्येक मुलाचे प्रगतिपुस्तक भरायचे. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि विदर्भातल्या पालकांनी उन्हाचा मुद्दा मांडला. अकोला, चंद्रपूर भागात एप्रिलच्या उत्तरार्धात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. तिथे अकरा वाजताही मूल घरी पोचते ते तापलेल्या रस्त्यावरून.

वाद वेळापत्रकाचा होता, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न दोनशे वर्षांचा आहे. वर्षाच्या शेवटी शाळा परीक्षा घेते, ती कोणासाठी? मराठी शाळेच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी बदलले. कधी ती परीक्षा गावातल्या प्रतिष्ठितांसाठी होती, कधी सरकारी तिजोरीसाठी, कधी नोकरीसाठी. मुलासाठी ती असावी, हा विचार सगळ्यांत उशिरा आला.

पंतोजींच्या शाळेत वार्षिक परीक्षा नव्हतीच. देवळाच्या ओवरीत, एखाद्या वाड्याच्या पडवीत पाच-पंचवीस पोरे बसत. धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवायची, पाढे घोकायचे, मग मोडी वाचन आणि हिशेब. इयत्ता नव्हत्या. एकाच चटईवर एक मूल बाराखडीत असे आणि दुसरे व्याजाच्या हिशेबात. सुट्टी अमावास्या-प्रतिपदेची आणि सणावारांची. मुलाला पत्र वाचता आले आणि खाते मांडता आले, की बाप त्याला दुकानात किंवा कुलकर्ण्याच्या दप्तराशी बसवी. शिक्षण पुरे झाले की नाही, हे घर आणि धंदा ठरवत. या शाळेत छडी होती, घोकंपट्टी होती, आणि बहुसंख्य जातींना व मुलींना जागा नव्हती. मात्र एका ठरावीक तारखेला सगळ्या मुलांना एका मापाने मोजण्याची कल्पना तिला ठाऊक नव्हती.

ती कल्पना कंपनी सरकारच्या शाळांबरोबर आली. 1822 मध्ये मुंबईत शालेय पुस्तकांसाठी आणि शाळांसाठी एक संस्था उभी राहिली. तिच्या एतद्देशीय चिटणिसाचे काम सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी केले. डिसेंबर 1823 मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी शिक्षणावरचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. छापील पुस्तके, शिकवलेले शिक्षक आणि इयत्तांची शाळा यांची घडी हळूहळू बसू लागली. इयत्ता आली की वरच्या इयत्तेत कोणाला घालायचे हा प्रश्न आला, आणि त्याच्या पाठोपाठ परीक्षा आली.

सुरुवातीची परीक्षा जाहीर असे. साहेब लोक, शेटसावकार, शास्त्रीपंडित समोर बसत आणि मुले उभी राहून उत्तरे देत. शेवटी पुस्तके, शेले-पागोटी अशी बक्षिसे मिळत. शाळेला देणग्या हव्या असत आणि लोकांचा विश्वासही हवा असे, म्हणून परीक्षा हा शाळेचा जाहीर कबुलीजबाब होता. या रिवाजाचा सर्वांत मोठा उपयोग जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी केला. 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा मुली शिकूच शकत नाहीत असे म्हणणारे गल्लोगल्ली होते. त्यांना वाद घालून गप्प करण्यापेक्षा मुलींना लोकांसमोर उभे करणे अधिक परिणामकारक होते. 1852-53 च्या सुमारास पुण्यात फुल्यांच्या शाळांतल्या मुलींच्या जाहीर परीक्षा झाल्या आणि त्या पाहायला मोठी गर्दी लोटली. नोव्हेंबर 1852 मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. याच शाळांत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला. मुलींची परीक्षा पाहायला आलेल्या त्या गर्दीत खरी परीक्षा समाजाची चालली होती.

1854 च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षण खाते आले आणि जाहीर परीक्षेची जागा तपासणीने घेतली. गर्दी गेली, एक माणूस आला. हुद्दा डेप्युटी इन्स्पेक्टर, पण गावाच्या तोंडी तो 'डिपोटी' झाला. घोड्यावर किंवा दमणीतून तो तालुका पालथा घाली आणि वर्षातून एकदा प्रत्येक शाळेच्या दारात उतरे. त्याच्या येण्याची वर्दी आधी लागे. मग चार दिवस शाळेत दुसरे काही नसे. ओसरी सारवली जाई, नकाशे झटकून भिंतीला लागत, हजेरीपटावरची खाडाखोड नीट होई आणि गैरहजर पोरांना शेतातून धरून आणले जाई.

डिपोटी आधी दप्तर पाहत, मग मुलांकडे वळत. वाचन, शुद्धलेखन, नकाशावर नद्या आणि घाट दाखवणे, आणि ज्याची सगळ्यांना धास्ती ते तोंडी गणित. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. औटकीला, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याला, भल्याभल्यांची बोबडी वळे. 'तेरा औटे?' असा प्रश्न आला की मास्तरांचा जीव मुलाच्या ओठांवर. साडेपंचेचाळीस हे उत्तर वेळेत आले नाही, तर खालमानेने उभे राहायची पाळी मास्तरांचीच.

त्या धास्तीला पैशाचेही कारण होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातल्या खासगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. इन्स्पेक्टर प्रत्येक मूल तपासणार, ते कोणत्या विषयांत उत्तीर्ण झाले ते लिहिणार आणि त्या हिशेबाने शाळेला रक्कम मिळणार. मूल पास झाले तर पैसे, नापास झाले तर तेवढी कात्री. परिणाम व्हायचा तोच झाला. जे तपासले जाईल तेवढेच शिकवायचे, जे मूल हमखास उत्तीर्ण होईल त्याच्यावर मेहनत घ्यायची आणि मागे पडलेल्याला मागेच ठेवायचे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत मोडीत निघाली. तोवर तपासणीच्या दिवसासाठी शाळा सजवायची आणि उरलेले वर्ष कसेही काढायचे, ही सवय मात्र खोल रुजली होती.

ही खोट जोतीरावांनी नेमकी हेरली होती. 1882 च्या ऑक्टोबरमध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी तपासणीवर स्पष्ट लिहिले. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येण्याने फारसे काही साधत नाही, निदान दर तीन महिन्यांनी शाळा पाहिली पाहिजे आणि अधूनमधून वर्दी न देता गेले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मास्तरला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, अभ्यासात मोडी-बाळबोध वाचनलेखनाबरोबर हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य असावे, याही मागण्या त्यात होत्या. शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यावर रुपयामागे आणा लोकलफंड बसत होता आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला जात होता. पैसा ज्याचा, त्याची पोरे शाळेत नव्हती. तपासणीच्या खालच्या ओळीत पास-नापासाचे आकडे होते, पण पटावर कोण नाही याचा रकानाच नव्हता. फुल्यांचा सारा रोख त्या नसलेल्या रकान्यावर होता.

सगळ्या परीक्षा त्या काळी उन्हाळ्यात नव्हत्या. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 मध्ये झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. पुढेही अनेक वर्षे मॅट्रिक वर्षअखेरीच्या थंडीत होत असे. टिळकांचे वडील 1872 च्या ऑगस्टअखेर वारले आणि त्यानंतर काही महिन्यांत टिळक मॅट्रिक झाले. मराठी शाळेतल्या मुलासाठी मात्र मॅट्रिकपेक्षा जवळची परीक्षा होती ती मराठी शिक्षणाच्या अखेरची. ती उत्तीर्ण झाला की मुलाला सरकारी नोकरीचे किंवा मास्तरकीचे दार उघडे. पुढच्या पिढ्यांत हीच जागा व्हर्नाक्युलर फायनलने घेतली आणि 'फायनल पास' ही गावातली पदवी झाली.

या परीक्षेची केंद्रे दूर असत आणि वाटेचा त्रासही परीक्षेतच धरावा लागे. धोंडो केशव कर्वे हे त्याचे ठळक उदाहरण. 1875 च्या पावसाळ्यात मुरुडचा हा सतरा वर्षांचा मुलगा बरोबरच्या मुलांसह साताऱ्याला पायी निघाला. शंभराहून अधिक मैलांची वाट, मध्ये कुंभार्ली घाट, वर पाऊस. भिजत, पाय सुजवत मंडळी वेळेत पोचली. परीक्षेला बसायला सतरा वर्षे पुरी असावी लागत. कर्वे चणीने लहान. अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिले, वय खरे मानले नाही आणि परीक्षेला न बसवताच परत पाठवले. पुढच्या वर्षी कोल्हापूर केंद्रावरून ते उत्तीर्ण झाले. पुढे महर्षी म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाने आत्मचरित्रात हा प्रसंग लिहून ठेवला, म्हणून तो आज माहीत आहे. न लिहिता परत फिरलेली मुले किती असतील, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

परीक्षा संपली की उन्हाळ्याची सुट्टी, आणि सुट्टीत आजोळ किंवा वडिलांचे नोकरीचे गाव. हा आनंदही सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही. साताऱ्याच्या शाळेत शिकणारे नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर 1901 च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे निघाले. वडील दुष्काळी कामावर रोखपाल होते. बरोबर भाऊ आणि बहिणीची दोन मुले. नवे सदरे, भरजरी टोप्या आणि नवे जोडे घालून मुले आगगाडीतून मसूरला उतरली. पत्र न पोचल्याने घ्यायला कोणी आलेले नव्हते. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, जात कळताच तो मागे सरला. गाडीवाले दुप्पट भाडे देऊनही मुलांना बसवून न्यायला तयार होईनात. अखेर गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, असे ठरले. जवळ खायला डबा होता, पण त्या रात्री वाटेत पाणी कोणी दिले नाही. उशाशी भरला डबा ठेवून मुले उपाशी झोपली. शाळेत हाच मुलगा घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळा बसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही. एप्रिलमधली शाळा म्हणजे काय, हे त्या एका नियमातून जेवढे कळते तेवढे कुठल्या अहवालातून कळत नाही. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला, त्याला तेव्हा पंचेचाळीस वर्षे होऊन गेली होती.

सर्वांना शाळेत आणण्याचे काम आधी संस्थानांनी हाती घेतले. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये साऱ्या बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मुंबई इलाख्यात 1918 आणि 1923 चे कायदे आले, शाळा लोकल बोर्डांकडे गेल्या. 1947 च्या कायद्याने जिल्हा शाळा मंडळांची नवी व्यवस्था लावली. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि बरोबर दोन वर्षांनी, 1 मे 1962 रोजी, जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. खेड्यातली मराठी शाळा 'झेडपीची शाळा' झाली ती तेव्हापासून.

1 मे ही तारीख शाळेला अशी दोन्हीकडून चिकटली. सकाळी झेंडावंदन, मग निकाल, मग सुट्टी. या दिवसाआधीचा आठवडा म्हणजे झेडपीच्या शाळेतला सर्वांत धावपळीचा काळ. लेखी पेपर सकाळी लवकर, कारण नऊनंतर पत्र्याखाली बसवत नाही. जिथे छापील प्रश्नपत्रिका पोचत नसत तिथे गुरुजी फळ्यावर प्रश्न लिहून देत आणि मुले पाटीवर किंवा घरून आणलेल्या कोऱ्या कागदावर उत्तरे लिहीत. मग तोंडी परीक्षा, एकेक मूल टेबलाजवळ. चित्रकला आणि कार्यानुभवाचे गुण शेवटी. शिक्षक एक आणि इयत्ता चार असल्या, की पहिलीची कविता ऐकता ऐकता चौथीच्या भागाकारावर नजर ठेवायची. दुपारी पोरे गेली की निकालपत्रकाचा मोठा तक्ता जमिनीवर पसरायचा आणि उभी-आडवी बेरीज जुळेपर्यंत उठायचे नाही. गावची शेवटची इयत्ता संपवून पुढच्या गावी जाणाऱ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले लिहायचे. त्याच आठवड्यात जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांची पटनोंदणी, घरोघरी फिरून. निकालाच्या सकाळी धुतलेला सदरा घालून आलेले मूल प्रगतिपुस्तक उघडे आणि आधी एकच ओळ शोधे, 'वरच्या वर्गात घातले'.

ती ओळ नसलेली पुस्तके पुष्कळ असत. त्यातली बरीचशी मुले मंद नव्हती, गैरहजर होती. बीड, नगर भागातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे साखर कारखान्यांचे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. पोर गावी येते ते थेट परीक्षेच्या तोंडावर. त्यांच्यासाठी साखरशाळा आणि पुढे हंगामी वसतिगृहे निघाली. काहींचे वर्ष वाचले, सगळ्यांचे नाही. दुष्काळी भागात सुट्टी म्हणजे शाळेतले जेवणही बंद होणे. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही माध्यान्ह भोजन द्यावे असा आदेश दिला. मे महिन्यात वर्ग बंद आणि चूल पेटलेली अशा शाळा त्यानंतर दिसू लागल्या.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायचे नाही असे ठरले. त्याच वर्षी महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. मुलाला वर्षभर पाहत राहायचे, त्याच्या नोंदी ठेवायच्या आणि शेवटच्या पेपरावर सगळे तोलायचे नाही, हा त्याचा गाभा. कागदावर हा बदल मोठा होता आणि अनेक शिक्षकांनी तो मनापासून केला. ज्या शाळांत नोंदवह्या फक्त वरून मागितल्या म्हणून भरल्या गेल्या, तिथे मूल न शिकताच पुढे सरकले. पालकांची तक्रार वाढली आणि 2023 मध्ये राज्याने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. मधल्या काळात 2020 चा एप्रिल येऊन गेला. शाळा बंद, पेपर नाही, सगळे वरच्या वर्गात. 2022 मध्ये बुडालेला अभ्यास भरून काढायला एप्रिलभर पूर्णवेळ वर्ग चालवायचे ठरले. 2023 मध्ये खारघरच्या भर उन्हातल्या जाहीर सोहळ्यात माणसे उष्माघाताने दगावली, त्यानंतर 21 एप्रिलपासूनच सुट्टी लागली. चार वर्षांत एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याचे रूप जेवढे बदलले, तेवढे आधी पन्नास वर्षांत बदलले नव्हते.

2025 च्या वेळापत्रकामागे एक रास्त कारण होते. पूर्वी बऱ्याच शाळा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच परीक्षा उरकत आणि पुढे मुले फिरकत नसत. शिकवण्याचे दिवस वाया जातात, हे खरेच आहे. पण ते दिवस वाचवायचे तर उपाय सकाळच्या वर्गात, सावलीत आणि पिण्याच्या पाण्यात शोधावा लागेल. विदर्भात शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडते, कारण तिथला जून कोकणातल्या जूनसारखा नसतो. तोच विचार एप्रिलच्या परीक्षेलाही लागू करता येतो. रत्नागिरी आणि चंद्रपूर यांचे वेळापत्रक एकच असावे, अशी सक्ती मुलाच्या अंगाला सोसत नाही.

या आठवड्याचे एक नवे रूपही गेल्या काही वर्षांत दिसते, आणि त्याच्याकडे नीट पाहायला हवे. 2022 पासून एप्रिलमध्ये झेडपीच्या शाळांत शाळा पूर्वतयारी मेळावा भरतो. जूनमध्ये पहिलीत येणारी मुले आईचा हात धरून येतात. नोंदणीच्या टेबलापासून सुरुवात होते. पुढे कुठे मुलाने दोरीवरून उडी मारायची, कुठे रंग जुळवायचे, कुठे चित्र पाहून गोष्ट सांगायची, कुठे बिया किंवा गोट्या मोजायच्या. प्रत्येक टेबलावर कार्डावर खूण होते आणि ते कार्ड आईच्या हाती जाते. मुलाला काय येते आणि कुठे मदत लागेल, एवढेच त्यावर असते. मग वस्तीतल्या आयांचे गट करतात, सुट्टीत घरी काय खेळायचे ते सांगतात, आणि जूनमध्ये शाळा उघडली की तीच टेबले पुन्हा मांडून त्याच कार्डावर दुसऱ्यांदा खुणा करतात. इथे इन्स्पेक्टर नाही, अनुदानाचा हिशेब नाही, नापासाचा शिक्का नाही. मुलाला पाहणारी व्यक्ती त्याची आई आहे आणि दोन महिन्यांनी काय बदलले हे तिलाच विचारले जाते. पहिलीच्या दारात हे जमते, तर चौथीच्या आणि सातवीच्या निकालाच्या दिवशीही शिक्षकाने प्रगतिपुस्तक पालकासमोर उघडून पंधरा मिनिटे बोलायला हरकत नसावी. त्यासाठी शिक्षकाला ती पंधरा मिनिटे मिळाली पाहिजेत, आणि वेळापत्रक लावणाऱ्यांनी पेपर संपण्याची तारीख ठरवताना पहिला हिशेब त्यांचा केला पाहिजे.